पाऊस नसताना नदी का वाढते? धरणाखालच्या खळाळत्या पाण्यात उतरण्यापूर्वी

गोव्यातून राफ्टिंगला निघणाऱ्या माणसापुढे हाताशी असलेल्या दोन नद्या आहेत, आणि त्या दोघींचे हंगाम एकमेकींच्या अगदी उलट आहेत. सत्तरीत उस्ते परिसरात म्हादईवरचे राफ्टिंग पावसाच्या महिन्यांतच चालते. पाऊस सरला की पाणी खडकांत उतरते आणि राफ्ट पुढच्या जूनपर्यंत बांधून ठेवाव्या लागतात. अनमोड घाट चढून रामनगरमार्गे कर्नाटकातल्या गणेशगुडीला गेले, तर तिथली काळी नदी पावसाळा संपल्यावर राफ्टिंगला खुली होते आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हातही भरून वाहताना दिसते. दोन्ही नद्यांचे उगम सह्याद्रीच्या एकाच भागात आहेत आणि दोघींवर पडणारा पाऊसही एकाच मान्सूनचा आहे. असे असताना एक नदी आटते आणि दुसरी त्याच दिवसांत फेसाळते, हे पाहून अनेकांना कोडे पडते.

या कोड्याचे उत्तर गणेशगुडीच्या वरच्या अंगाला असलेल्या सुपा धरणात आहे. उत्तर सोपे वाटले तरी त्याचे परिणाम सोपे नाहीत, कारण धरणाखालच्या नदीत पाणी कधी वाढणार, हे आकाशाकडे पाहून कळत नाही. आपल्या पिढ्यान्पिढ्यांच्या सवयीप्रमाणे आपण ढग पाहतो, पाण्याचा रंग पाहतो आणि मगच नदीत पाय घालतो. धरणाखाली या दोन्ही खुणा फसवतात. हौसेने नदीवर जाणाऱ्या प्रत्येक गोंयकाराला ही गोष्ट नीट समजावी, असे मला मनापासून वाटते.

## खळाळ कसा तयार होतो

नदीचे पाणी खळाळण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: तळाचा उतार, वाटेतले अडथळे आणि पुरेसे पाणी. उतार वाढला की वेग वाढतो, पात्र अरुंद झाले की तेवढेच पाणी अधिक वेगाने जाते, आणि तळाशी खडक असला की पाणी त्यावर चढून पलीकडे कोसळते. कोसळताना त्यात हवा मिसळते आणि ते पांढरे दिसू लागते. हा पांढरेपणा केवळ देखणा नसतो. हवेचे बुडबुडे मिसळलेले पाणी वजनाने हलके असते, त्यामुळे ते माणसाला साध्या पाण्याइतके तरंगवत नाही, आणि लाइफ जॅकेट घातलेला माणूसही दाट फेसात अपेक्षेपेक्षा खोल जातो.

खडकावरून कोसळलेले पाणी खाली गेल्यावर पृष्ठभागाजवळून काही वेळा उलट, म्हणजे खडकाच्या दिशेने परत वळते. या उलट्या फिरणाऱ्या पाण्याला राफ्टिंगवाले ‘होल’ म्हणतात. मोठ्या होलमध्ये अडकलेली राफ्ट तिथल्या तिथे हेलकावत राहते, तर माणूस खाली ओढला जाऊन पुन्हा त्याच जागी वर येऊ शकतो. याउलट खडकाच्या आडोशाला, प्रवाहाच्या बाजूला, पाणी संथ फिरत राहते. त्याला ‘एडी’ म्हणतात, आणि अनुभवी गाइड राफ्ट थांबवायला, मागच्यांची वाट पाहायला किंवा पुढचा टप्पा पाहून घ्यायला हीच जागा वापरतात.

खळाळांची अवघडता एक ते सहा अशा आंतरराष्ट्रीय श्रेणीत मोजतात. पहिली श्रेणी म्हणजे जवळपास संथ पाणी, तिसरीत उंच लाटा आणि अरुंद वाटा येतात, पाचवी निष्णात लोकांनाही कठीण असते आणि सहावी म्हणजे सहसा कोणी उतरू नये असे पाणी. म्हादई आणि काळी या दोन्ही नद्यांवर पर्यटकांना नेतात ते टप्पे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत मोडतात. ही श्रेणी पाण्याच्या ठराविक पातळीलाच लागू असते, हे मात्र जाहिरातीत सांगितले जात नाही. सकाळी दुसऱ्या श्रेणीचा असलेला खळाळ दुपारी पाणी वाढल्यावर चौथ्या श्रेणीचा होऊ शकतो, आणि धरणाखाली ती दुपार कोणत्याही दिवशी येऊ शकते.

## सुपा धरण आणि विजेची मागणी

काळी नदी जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटरचा प्रवास करून कारवारजवळ अरबी समुद्राला मिळते. एवढ्या वाटेत तिच्यावर सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी आणि कद्रा अशी धरणे आहेत. त्यांतले सुपा सर्वांत वरचे आणि सर्वांत मोठे. त्याची उंची १०१ मीटर आहे. जुने सुपा गाव या जलाशयाखाली गेले आणि तिथल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन रामनगरला झाले. गोव्यातून दांडेलीला जाताना आपण ज्या रामनगरला चहाला थांबतो, त्याच्या मागे हा इतिहास आहे, याची जाणीव ठेवलेली बरी.

धरणाच्या पायथ्याशी प्रत्येकी ५० मेगावॅटचे दोन वीजसंच आहेत. ते चालू झाले की त्यांतून बाहेर पडलेले पाणी खालच्या पात्रात येते आणि तेच पाणी राफ्ट वाहून नेते. किती पाणी येत असेल, याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. नदीचे पाणी ‘क्युमेक’ या एककात मोजतात. एक क्युमेक म्हणजे दर सेकंदाला एक घनमीटर, अर्थात एक हजार लिटर किंवा एक टन पाणी. १०० मीटर उंचीवरून एक क्युमेक पाणी पडले, तर संचातली घट वजा जाता सुमारे ०.९ मेगावॅट वीज मिळते. समजा, ५० मेगावॅटचा संच ७० मीटर उंचीच्या पाण्यावर पूर्ण क्षमतेने चालत असेल, तर त्याला सुमारे ८० क्युमेक पाणी लागेल. म्हणजे एक संच सुरू झाला की दर सेकंदाला ८० टन पाणी नदीत उतरणार, आणि दुसरा सुरू झाला की त्याच्या दुप्पट.

हे संच कधी सुरू करायचे, हे विजेच्या मागणीवर ठरते. कोळशावरचे केंद्र थंड स्थितीतून चालू व्हायला अनेक तास लागतात, तर पाण्यावरचा संच काही मिनिटांत वीज देऊ लागतो. त्यामुळे संध्याकाळी दिवे-पंखे एकदम लागतात किंवा दुसरीकडचे केंद्र अचानक बंद पडते, तेव्हा अशाच संचांकडे वळतात. गणेशगुडीच्या नदीत पाणी वाढण्याचे कारण शेकडो किलोमीटर दूरच्या शहरात असू शकते.

खाजन शेतीच्या काठाने वाढलेल्या गोंयकाराला हे समजायला एक जवळची गोष्ट आहे, ती म्हणजे मानस. खाडीच्या बांधातली मानशीची दारे भरती-ओहोटीप्रमाणे मिटतात आणि उघडतात. तिच्याजवळचे पाणी केव्हा संथ असेल आणि केव्हा भोवरा धरेल, हे पावसावरून ठरत नाही, भरतीच्या वेळांवरून ठरते. म्हणूनच गावातली मोठी माणसे मुलांना मानशीकडे पोहायला जाऊ देत नाहीत आणि तिथे मासे पकडणारा माणूस भरतीच्या वेळा तोंडपाठ ठेवतो. सुपा धरणाखालची काळी नदीही अशीच दुसऱ्या कुणाच्या तरी वेळापत्रकाने चालते. फरक एवढाच की भरतीच्या वेळा पंचांगावरून काढता येतात आणि विजेच्या मागणीच्या येत नाहीत.

## सोडलेले पाणी खाली कसे पोहोचते

धरणातून पाणी सोडले की संपूर्ण नदी एकाच वेळी वाढते, असा समज असतो. प्रत्यक्षात वाढ लाटेसारखी खाली सरकते, आणि त्या लाटेचे तीन गुण राफ्टवर बसणाऱ्याला माहीत असायला हवेत.

पहिला गुण म्हणजे ही लाट पाण्यापेक्षा वेगाने धावते. पाण्याचा एखादा थेंब ताशी ५ किलोमीटर जात असेल, तर पातळी वाढल्याची लाट साधारण त्याच्या दीडपट, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर वेगाने पुढे जाते. याचा अर्थ असा की धरणाजवळून पाणी सुटल्यावर निघालेली राफ्ट वाढलेल्या पाण्यावरच राहते, कारण लाटेचे तोंड तिच्या पुढे पळालेले असते. परंतु संच बंद झाल्यावर पाणी उतरण्याची लाटही त्याच पद्धतीने मागून येते आणि राफ्टला गाठते. समजा, राफ्ट निघाल्यावर अर्ध्या तासाने वर संच बंद पडला. तोवर राफ्ट अडीच किलोमीटर गेलेली असेल. ओसरती लाट दर तासाला अडीच किलोमीटरने अंतर कापेल आणि बरोबर एका तासाने, धरणापासून साडेसात किलोमीटरवर, राफ्टखालचे पाणी उतरू लागेल. जंगलात, दोन्ही बाजूंना रस्ता नसताना, खडकांवर बसलेली राफ्ट ओढत नेणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. (खऱ्या नदीत डोह आणि वळणे येतात, त्यामुळे आकडे इतके सुबक पडत नाहीत, पण क्रम हाच असतो.)

दुसरा गुण असा की धरणाजवळ वाढ उभी आणि तुटक असते, तर खाली जाता जाता ती पसरत आणि हळूहळू चढत जाते. धरणाच्या पायथ्याशी काही मिनिटांत गुडघ्याचे पाणी छातीपर्यंत येऊ शकते. वीस-तीस किलोमीटर खाली तेवढीच वाढ व्हायला अधिक वेळ लागतो. धरणाच्या जवळचा टप्पा म्हणून त्यातल्या त्यात अधिक धोक्याचा असतो, आणि बहुतेक सहलीची ठिकाणे दुर्दैवाने तिथेच असतात.

तिसरा गुण काळाचा आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅनियन धरणाची दारे १९६३ मध्ये बंद झाली आणि पुढे त्या धरणातून विजेच्या मागणीप्रमाणे रोज पाणी कमी-जास्त होऊ लागले. खालच्या ग्रँड कॅनियनची लांबी सुमारे ४४६ किलोमीटर आहे, त्यामुळे धरणातून दुपारी सुटलेले पाणी खालच्या भागात दुसऱ्या दिवशी किंवा त्याहूनही उशिरा पोहोचते. तिथे राफ्ट नेणारे लोक रात्री मुक्काम करताना आपल्या जागी पाणी केव्हा चढेल आणि केव्हा उतरेल, याचा हिशेब करूनच राफ्ट बांधतात. नाहीतर सकाळी ती वाळूवर कोरडी पडलेली सापडते.

## ‘धरणाचे पाणी माणसाच्या ताब्यात असते, मग ते सुरक्षितच ना?’

हा युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि त्यात तथ्याचा अंश आहे. सोडण्याचे वेळापत्रक ठरलेले आणि जाहीर केलेले असेल, तर धरणाखालची नदी पावसाच्या नदीपेक्षा खरोखरच अधिक भरवशाची असते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या गॉली नदीचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. तिथल्या समर्सव्हिल धरणाचा जलाशय हिवाळ्यापूर्वी रिकामा करावा लागतो. हे पाणी शरद ऋतूत ठरावीक दिवशी, सुमारे २८०० क्युसेक या प्रमाणात सोडले जाते. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक, तेव्हा हा विसर्गही वरच्या हिशेबातल्या ८० क्युमेकच्या आसपासच येतो. १९८६ च्या कायद्याने राफ्टिंग हा त्या धरणाचा एक अधिकृत हेतू ठरवला गेला. नदी अवघड आहे, खळाळ पाचव्या श्रेणीपर्यंत जातात, तरी कोणत्या दिवशी किती पाणी येणार हे लोकांना आधी कळते, आणि सुरक्षिततेची तयारी तिथून सुरू होते.

वेळापत्रक नसेल तेव्हा काय होते, याची आपल्या देशातली उदाहरणे काळीज पिळवटणारी आहेत. ७ एप्रिल २००५ रोजी मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात धाराजी येथे नर्मदेच्या पात्रात अमावास्येच्या स्नानासाठी जमलेल्या भाविकांवर वरच्या इंदिरा सागर धरणातले पाणी आले आणि साठहून अधिक माणसे गेली. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यातल्या थलौट येथे ब्यास नदीच्या खडकांवर उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा एक सहल सहायक लारजी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. दोन्ही ठिकाणी वर धरण होते आणि पाणी माणसाच्या हातातल्या दारांतूनच आले होते.

पाण्याच्या रंगाबद्दल इथेच सांगायला हवे. पावसाचा पूर येताना पाणी तांबडे, गढूळ होते, आणि ती खूण आपल्या डोळ्यांत इतकी मुरलेली आहे की स्वच्छ पाणी दिसले की आपण निर्धास्त होतो. जलाशयात मात्र गाळ तळाशी बसलेला असतो, त्यामुळे संचांतून येणारे पाणी निवळशंख असते. धरणाखाली नदी वाढते आहे हे ओळखायचे असेल, तर काठावरचा एखादा खडक मनात धरून त्याच्याकडे पाहत राहावे. पाणी उतरत असेल तर खडकावर ओला पट्टा दिसतो. चढत असेल तर कोरडा दगड थेट पाण्यात बुडत जातो, आणि काठावर पडलेली सुकी पाने, काटक्या व फेस प्रवाहातून वाहू लागतो. या खुणा दिसल्या तर सामान गोळा करत बसू नये. आधी माणसांनी वर चढावे.

## ‘पाणी कमी असेल तर धोका कमी ना?’

काही बाबतींत होय, पण सरसकट नाही. पाणी कमी असले की वेग कमी होतो हे खरे. त्याच वेळी पाण्याखाली दडलेले खडक वर येतात आणि राफ्ट त्यांवर आडवी चिकटून बसण्याची शक्यता वाढते. वाहत्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला २ मीटर वेगाचे पाणी माणसाच्या अंगाच्या अर्ध्या चौरस मीटरवर आदळले, तर साधारण १०० किलो वजनाइतका जोर लागतो. वेग दुप्पट झाला की तो जोर चौपट, म्हणजे सुमारे ४०० किलो होतो. खडकाला आडव्या चिकटलेल्या राफ्टवर तर याच्या कितीतरी पट भार येतो, आणि ती माणसांच्या बळाने सुटत नाही. दोरखंड आणि कप्प्या लावाव्या लागतात.

उथळ पाण्यातला याहून वाईट प्रकार म्हणजे पाय अडकणे. मांडीभर पाण्यात पडलेला माणूस साहजिकच उभा राहायला जातो, पाय दोन दगडांच्या फटीत रुततो, प्रवाह पाठीमागून ढकलतो आणि माणूस पुढे कोलमडतो. डोके पाण्याखाली जाते आणि पाय निघत नाही. म्हणून राफ्टिंगच्या आधी प्रत्येक गाइड बजावून सांगतो की पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय पुढच्या दिशेला आणि बोटे पाण्याबाहेर ठेवा, आणि पाणी अगदी उथळ व संथ होईपर्यंत उभे राहू नका. ही सूचना ऐकताना बहुतेक लोक फोटो काढत असतात, याचे मला फार वाईट वाटते.

धरणाखालच्या नदीत आणखी एक धोका आहे, ज्याची चर्चा जवळजवळ होत नाही. धरण नसलेल्या नदीत दर पावसाळ्यातला पूर पात्रातली झुडपे उपटून नेतो आणि पात्र मोकळे ठेवतो. धरणाने मोठे पूर अडवले की पात्रातल्या बेटांवर आणि खडकांच्या फटींत झाडोरा वाढत जातो. मग संच सुरू झाले की तीच झाडे वेगवान पाण्यात उभी राहतात. पाणी फांद्यांमधून निघून जाते, पण त्याबरोबर आलेला माणूस किंवा राफ्ट तिथे अडकते आणि मागचे पाणी त्याला दाबत राहते. होलमधून माणूस सुटण्याची शक्यता तरी असते. प्रवाहातल्या फांद्यांच्या जाळीत सापडलेल्याला सुटणे फार कठीण. दुरून तो भाग हिरवा, शांत, सावलीचा दिसतो आणि नवखा माणूस थांबायला म्हणून तिकडेच वळतो.

## ‘मला उत्तम पोहता येते’

पोहणे येणे चांगलेच, परंतु तळ्यात किंवा समुद्रात कमावलेले कसब खळाळात पुरत नाही. इथे उपयोगी पडते ते अंगावर घट्ट बसलेले लाइफ जॅकेट, हेल्मेट, आणि प्रवाहाशी झुंजण्याऐवजी तिरके पोहत एडी गाठण्याचा सराव.

आणि एका जागी पट्टीचा पोहणाराही हरतो. ती जागा म्हणजे बंधाऱ्याचा पायथा. गोव्यातल्या नद्यांवर ठिकठिकाणी बंधारे आहेत. त्यांवरून पाणी सरळ रेषेत, पात्राच्या या काठापासून त्या काठापर्यंत कोसळते आणि पायथ्याशी तितकाच लांब होल तयार होतो. नैसर्गिक खडकाखालच्या होलला बाजूला कुठेतरी वाट असते. बंधाऱ्याच्या होलला ती नसते, कारण दोन्ही टोकांना भिंत असते. पडझड फक्त मीटर-दीड मीटरची दिसते, आवाजही मोठा नसतो, त्यामुळे मुले तिथे उड्या मारतात. पावसाळ्यात वाहत्या बंधाऱ्याखाली कोणीही, कोणत्याही कारणाने उतरू नये, आणि कयाक (वल्ह्याची लहान, निमुळती होडी) किंवा राफ्ट असेल तर ती उचलून काठाने पलीकडे न्यावी.

## ‘पण सायरन वाजतोच की’

सायरन असतो तिथे तो वाजावा अशी अपेक्षा असते. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात आपत्कालीन कृती आराखडा आणि पुराचा इशारा देणारी यंत्रणा यांची तरतूद आहे. पण आवाज दरीत वळणामागे पोहोचत नाही, आणि खळाळाच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला बाजूच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. शिवाय इशारा मोठ्या विसर्गासाठी, म्हणजे सांडव्याची दारे उघडताना देण्याची पद्धत असते. रोजचा संच सुरू होणे ही यंत्रणेच्या दृष्टीने नेहमीची बाब असते, पण पायथ्याशी खडकावर बसलेल्याला ती तशी नसते.

मोठ्या विसर्गाचा अनुभव गोव्यालाही आहे. तिळारी धरण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात आहे आणि तिळारी नदी गोव्यात आल्यावर शापोरा होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टीत तिळारीतून पाणी सोडावे लागले, तेव्हा पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. धरण भरलेले असेल तर वरून येणारे पाणी जवळपास तसेच खाली सोडण्यावाचून पर्याय उरत नाही. पूर अडवण्याची धरणाची शक्ती त्यातल्या रिकाम्या जागेएवढीच असते. म्हणून ऑगस्टमध्ये धरण किती टक्के भरले आहे, ही बातमी नदीकाठच्या माणसाने आणि राफ्टवाल्याने सारख्याच काळजीने वाचायला हवी.

## जंगलामुळे अवघडता का वाढते

काळीचे खोरे काळी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात येते, म्हादईच्या वरच्या भागात म्हादई अभयारण्य आहे. जंगलातल्या नदीचे सौंदर्य मी कितीही वर्णन केले तरी अपुरेच पडेल, पण इथे मुद्दा मदतीचा आहे. दरीत फोनला रेंज नसते, काठाने पायवाट असेलच असे नाही, आणि मोडलेल्या हाताला इस्पितळात पोहोचायला काही तास लागू शकतात. म्हणून मदत दूर असलेल्या नदीचा प्रत्येक खळाळ त्याच्या श्रेणीपेक्षा एक पायरी वरचा धरावा, अशी राफ्टिंगमधली जुनी शिस्त आहे. तिसऱ्या श्रेणीचा टप्पा जंगलात चौथ्या श्रेणीचा मानून तयारी करायची. दांडेलीच्या बाजूला काळीच्या डोहांत मगरी आहेत, तेव्हा संथ पाणी दिसले म्हणून कुठेही उतरू नये, हेही ओघाने आलेच.

## ‘मग म्हादईवरही धरण झाले, तर आपल्याला बारमाही राफ्टिंग मिळेल!’

हा प्रश्न वरवर तर्काला धरून वाटतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. धरणे दोन प्रकारची असतात. सुप्यासारखे धरण पाणी साठवते, विजेसाठी वापरते आणि त्याच नदीत परत सोडते. नदीची वेळ बदलते, पण वर्षाचे पाणी बव्हंशी नदीतच राहते. दुसऱ्या प्रकारचे धरण पाणी अडवून दुसऱ्या खोऱ्यात वळवते. कर्नाटकाची कळसा आणि भांडुरा ही योजना या दुसऱ्या प्रकारची आहे. म्हादईच्या उपनद्यांचे पाणी मलप्रभेत नेण्याची ती योजना आहे. मलप्रभा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला.

म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात ७५ टक्के भरवशाने, म्हणजे शंभरातल्या ७५ वर्षांत तरी, मिळणारे खोऱ्यातले पाणी १८८.०६ टीएमसी धरले आहे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी देण्यात आले, त्यातले ८.०२ वीजनिर्मितीसाठी असून ते पुन्हा नदीत यायचे आहे, तर कळशासाठी १.७२ आणि भांडुऱ्यासाठी २.१८ टीएमसी आहे. वळवायचे पाणी एकूण पाण्याच्या मानाने थोडे आहे, असा युक्तिवाद या आकड्यांवरून केला जातो. त्यातली अडचण अशी की वर्षाची बेरीज नदीची खरी अवस्था सांगत नाही. म्हादईचे बहुतेक पाणी चार महिन्यांत वाहून जाते. उरलेल्या आठ महिन्यांत नदी वरच्या ओढ्या-नाल्यांच्या झऱ्यांवर जगते, आणि वळवण्याच्या योजना नेमक्या त्याच माथ्यावरच्या ओढ्यांवर आहेत. उन्हाळ्यात खालच्या गावांच्या विहिरी, पाण्याच्या योजना आणि खाडीतले खारे पाणी मागे रेटणारा गोडा प्रवाह यांचा संबंध त्या झऱ्यांशी आहे. राफ्टिंगचा विचार करायचा तरीही, पाणी वळवणाऱ्या धरणातून आपल्याकडे सोडायला पाणीच नसते, त्यामुळे बारमाही खळाळाची आशा धरण्याचे काहीच कारण नाही.

## निघण्यापूर्वी काय विचारावे

गणेशगुडीला जायचे ठरले, तर आयोजकाला फोनवरच काही गोष्टी विचाराव्यात. आज किती संच चालू आहेत आणि ते केव्हा बंद होणार, ही माहिती तो कोणाकडून घेतो? आपण नदीत असताना दुसरा संच सुरू झाला, तर राफ्टवर ते कसे कळवले जाते? कोणत्या पातळीच्या वर तो राफ्ट पाण्यात घालत नाही? या तिसऱ्या प्रश्नाला आकडा किंवा काठावरच्या खडकाची खूण असे ठोस उत्तर मिळाले, तर माणूस नदी ओळखतो असे समजावे. ‘तसे कधी होत नाही’ असे उत्तर आले तर दुसरा आयोजक पाहावा.

गटात एकापेक्षा अधिक राफ्ट किंवा सोबतीला सुरक्षेची कयाक असावी, कारण पाण्यात पडलेल्याला बहुधा दुसरी राफ्टच उचलते. गाइडकडे फेकायची दोरीची पिशवी आहे का आणि ती हाताशी आहे का, हे निघताना पाहावे. लाइफ जॅकेटचे खांदे कोणाला तरी वर ओढायला सांगावेत. जॅकेट कानांपर्यंत सरकत असेल तर ते सैल आहे. फोन दरीत चालणार नसल्यामुळे किती वाजता उतरणार आणि किती वाजेपर्यंत परत रस्त्यावर येणार, हे घरी किंवा मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवावे. आणि जेवायला, फोटोला किंवा पाय मोकळे करायला थांबायचे झाल्यास पात्रातल्या खडकांवर न थांबता पाण्याच्या जुन्या रेषेच्या वर, जिथे मोठी झाडे सुरू होतात तिथे बसावे.